खातूनबीचे डोळे

माझ्या दिरांना सोन्याचं पदक मिळालं तेव्हा नाशकात पेढे वाटले गेले. मला त्यातला एकही आला नाही, आणि आला असता तर मी तो मुंग्यांना घातला असता.

खंडेराव तांबट म्हणजे माझे धाकटे दीर. रंगीत फोटोचे जादूगार, प्रयोगवीर, नाशिकचं भूषण. वर्तमानपत्रात जे जे छापून आलं ते सगळं मी वाचलंय. मला वाचता येतं हे त्यांच्या कधी लक्षात राहिलं नाही, तो भाग वेगळा. मी अंबूबाई, त्यांच्या थोरल्या भावाची, सावळीरामांची बायको. हो, घेतलं नवऱ्याचं नाव. नाव घेतल्यानं आयुष्य कमी होतं म्हणतात. जो माणूस एकतीस सालीच गेला त्याचं आता आणखी काय कमी होणार?

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तांब्याची भांडी ठोकली गेली. त्या ठकठकीनं सासऱ्यांचे कान गेले. माझ्या नवऱ्यानं हातोडा टाकून कॅमेरा धरला तेव्हा सासरे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि बोलले असते तरी उत्तर त्यांना ऐकू आलं नसतं. भद्रकालीजवळ माडीवरची जागा भाड्यानं घेऊन ह्यांनी स्टुडिओ काढला. फोटो ते काढायचे, रंग मी भरायची. फोटो तेव्हा काळेपांढरेच निघत. गिऱ्हाइकाला रंगीत हवा असला तर त्यावर कुंचल्यानं पातळ रंग चढवायचा. शालू, फेटा, गाल, ओठ. माझे वडील गणपती रंगवायचे, त्यामुळे हात माहेरूनच आलेला.

वडील गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी आखायचे. माझंही तेच. सगळं झालं की फोटोतले डाग खरवडायची रिटचिंगची बारीक सुरी घ्यायची, तिच्या टोकानं बुबुळावरचा कणभर थर खरवडायचा. खालचा पांढरा कागद चमकतो आणि फोटोतला माणूस बघायला लागतो. ह्यांचा नियमच होता, डोळ्यांत टिंब दिल्याशिवाय फोटो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. मेलेल्या माणसाचा फोटो काढायला बोलावणं आलं की मिटलेल्या पापण्यांवर मी उघडे डोळे रंगवून द्यायची. पंचवटीतल्या एका आईनं तसा फोटो छातीशी धरला तो दुकानाबाहेर जाईपर्यंत सोडला नाही. वीस वर्षं मी हे काम केलं. कुणी नावं ठेवली नाहीत.

हे गेले आणि भावजी मुंबईहून आले. मॅट्रिकला दोनदा बसले, दोनदा झोपले, मग फोटोच्या सामानाच्या दुकानात पुड्या बांधत होते. आले ते थेट ह्यांच्या खुर्चीत बसले. आयत्या बिळावर नागोबा! पण राग आहे म्हणून खोटं कशाला बोलू? कॅमेरा त्यांना येत होता. उजेड कुठून पडतोय ते त्यांना कुत्र्याला वास यावा तसं कळायचं. माणसं कळायची नाहीत, पण त्याला फोटोग्राफीत कुठे मार्क असतात?

देवळाली कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांचे, त्यांच्या मडमांचे फोटो काढायला ते जायचे. तिथल्या एका साहेबानं त्यांना रंगीत फोटोचं पुस्तक दिलं आणि आमच्या घरातला धड स्वयंपाक संपला. चुलीवर सदा रसायनांची पातेली.

रीत अशी. एकच देखावा तीनदा टिपायचा. एकदा लाल काचेतून, एकदा हिरव्या, एकदा निळ्या. तीन रंगीत काचा, फोटो उतरायला तीन प्लेटा. मग बाभळीच्या डिंकात रंग आणि एक नारिंगी खार कालवून कागदावर सारवायचं, वर प्लेट ठेवून उन्हात धरायचं आणि पाण्यात धुवायचं. ऊन लागलं तिथला रंग कागदाला धरून बसतो, बाकीचा वाहून जातो. आधी पिवळा, मग लाल, मग निळा. तिन्ही थर एकावर एक नीट बसले की दुनियेचे खरे रंग उतरतात, कुंचला न लावता. हे ‘कुंचला न लावता’ भावजी असं म्हणायचे, जणू मी चप्पल घालून देवळात शिरलेय.

डिंक कुटणारी मी. फडक्यातून गाळणारी मी. गच्चीवर उन्हात घड्याळ घेऊन बसणारी आणि कागद धुणारीही मी. त्या नारिंगी खारानं माझी बोटं फुटली ती कायमची. भावजी खाली सावलीत प्रयोग करायचे.

चार वर्षं काही जमलं नाही. आंब्याचा फोटो काढला तर कडेला हिरवी झालर यायची. माणसाचा फोटो काढला तर तीन नाकं, कारण तीन प्लेटा होईपर्यंत माणूस हलतोच. पण न हलणाऱ्या घागरीलाही तीन काठ यायचे. भावजी प्लेटांना शिव्या द्यायचे, काचांना द्यायचे, एकदा तर सूर्यालाही दिल्या. मी धुतलेला कागद दोरीवर वाळत घालत होते. सुकल्यावर तो मूळच्या खुणेपेक्षा दोन सूत आखूड भरला.

मी म्हटलं, “भावजी, कोरं मांजरपाट आणलं की आपण आधी काय करतो?”

“काय करतो?”

“भिजवून आटवतो. नाहीतर पहिल्या धुण्यात चोळी अंगाला होत नाही. हा कागदही पाण्यात आटतोय. पहिला रंग धुतला की आटला, मग दुसरी प्लेट त्यावर कशी बसेल? आधीच कढत पाण्यात दोनदा आटवून घ्या आणि मग रंग लावा.”

ते उठून सावलीत गेले. तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बघते तर परातीत कागद भिजत घातलेला. पुढे वर्तमानपत्रात आलं, ‘श्री. तांबट यांनी अथक संशोधनांती कागद पूर्वसंकुचित करण्याची पद्धत शोधून काढली.’ पूर्वसंकुचित! चोळी आटवण्याला मेल्यांनी काय शब्द काढला!

पण त्या वेळी, पहिलं चित्र जमलं त्या दिवशी, भावजी वेगळे होते. तांब्याची घागर आणि शेजारी चार वांगी. घागर तांबूस, वांगी जांभळी, देठ हिरवे. आम्ही दोघं गच्चीवर उभे राहून बघत होतो. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या चित्राला पुण्याच्या प्रदर्शनात ब्राँझचं पदक मिळालं. ते घेऊन घरी आले आणि देव्हाऱ्यासमोर म्हणाले, “वहिनी, पुढचं मोठं चित्र जमलं की त्याच्याखाली दोघांची नावं. खंडेराव आणि अंबूबाई तांबट. खंडोबाची आण.”

मी ते वाक्य पदराला बांधून ठेवलं. हसायचं असेल तर हसा. मला पैसा नको होता, पदक नको होतं. विधवेचं नाव कुठे येतं, सांगा बरं? लग्नपत्रिकेत येत नाही. हळदीकुंकवाच्या आमंत्रणात येत नाही. आलंच तर तेराव्याच्या यादीत येतं. मला माझं नाव एकदा माझ्या कामाखाली बघायचं होतं, एवढंच.

छत्तीस सालच्या मार्गशीर्षात आम्ही येवल्याला गेलो. मनमाडला गाडी बदलून, कॅमेरा, तिपाई आणि प्लेटांची पेटी सांभाळत. भावजींना पैठणी हवी होती. कापड हलत नाही आणि रंगांचा खजिना, हा हिशोब. महेबूब नावाचा विणकर होता, चाळिशीचा, शांत माणूस. त्याच्या मागावर जांभळी पैठणी चढलेली, पदरावर पोपट आणि कमळं. पण नुसत्या कापडाचं काय करायचं? भावजींची नजर अंगणात गेली. तिथे महेबूबची आई, खातूनबी, रेशमाच्या लडी उलगडून कांडीवर घेत बसली होती. जांभळं, हिरवं, पिवळं रेशीम तिच्या मांडीवर पसरलेलं.

“ही!” भावजी म्हणाले. “हीच पाहिजे. उन्हात बसवा तिला.”

महेबूब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “बाई, अम्मीला दिसत नाय. बारा सालं झाली. जरा हाताला धरून बसवता का?”

मी तिला धरून अंगणाच्या मधोमध आणलं. तिनं माझी बोटं चाचपली आणि म्हणाली, “रंगाचं काम करतेस का गं? लय सोसलंय या बोटांनी.” माझ्या बोटांबद्दल आजवर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मी तिचा पदर डोक्यावरून नीट केला आणि बाजूला झाले.

भावजी काळ्या कापडाखाली शिरले. लाल काच. हिरवी काच. निळी काच. खातूनबी सूर्याकडे तोंड करून बसली होती आणि पापणीसुद्धा लवत नव्हती.

“वा! काय बाई आहे!” भावजी कापडाखालून ओरडले. “तोंडावर ऊन आहे तरी डोळे मिटत नाही. फोटोला बसले की सारखे डोळे मिचकावणाऱ्या आपल्या मामलेदारांना आणा म्हणावं इथे शिकायला!”

मी पेटीतली पुढची प्लेट काढून दिली. विचारलं असतं तर सांगितलं असतं. चार तास ते त्या अंगणात होते. रेशमाची लड कुठे टाकायची, कांडी किती तिरपी धरायची, सगळं सांगितलं; पण मान वर करून त्या बाईच्या तोंडाकडे एकदा पाहिलं असेल तर शपथ. महेबूबला वाटलं, साहेबांना कळलंच असेल. न कळायला काय झालं होतं? निघताना तो एवढंच म्हणाला, “साहेब, अम्मीचा एक फोटो आम्हालाबी द्या.” भावजी म्हणाले, “एक का, दोन देतो.” तो फोटो त्याला कधीच गेला नाही.

नाशकात येऊन मी सात दिवस गच्चीवर होते. पिवळा थर, लाल थर, निळा थर. सातव्या दिवशी निळा धुतला आणि पाण्यातून ती बाई वर आली. काय सांगू! रेशमाला हात लावावासा वाटेल असा रंग. गालावरची सुरकुती न्‌ सुरकुती. हिरव्या बांगडीवरचं ऊनसुद्धा. डोळे तेवढे होते तसे आले होते, करडे, थंड. कागद वाळला. भावजी चौकट आणायला गेले होते. मी कडा कापायला तीच रिटचिंगची सुरी घेतली.

कडा कापल्या. सुरी हातातच होती. वीस वर्षांचा हात तो, त्याला कुठे माहीत, हा फोटो कुणाचा आणि कुठे जाणार? उजव्या डोळ्यात एक, डाव्यात एक. तांदळाच्या कणीच्या शंभराव्या हिश्शाएवढी टिंबं. अगं बाई, हे काय केलं मी! खरवडलेलं भरून येत नाही. आणि खरं सांगू? तरी बघून बरं वाटलं. म्हातारी माझ्याकडे बघत होती.

भावजी आले, चित्रासमोर उभे राहिले आणि त्यांनी एकेक रंग तपासून घेतला. मग म्हणाले, “जमलं.” त्यांना काही कळलं नाही. रंगांचा राजा तो. त्याला उन्हाचं टिंब कुठलं आणि सुरीचं कुठलं ते कळलं नाही.

मुंबईच्या प्रदर्शनाचा कागद इंग्रजीत होता. भावजींनीच वाचून दाखवला, मोठ्या डौलात. रंगीत विभागात कुंचला, सुरी, हाताचं कसलंही काम चालणार नाही, तसं लिहून द्यायचं. त्यांनी झोकात सही ठोकली. मी विचारलं, “नाव?” म्हणाले, “लिहिलं मागे.” इंग्रजी मला येत नाही, पण एका ओळीत किती माणसं मावतात एवढं मला कळतं. तिथे एकच माणूस होता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. ‘भावजी, माझं नाव नाही ते राहू दे, पण सही करू नका, माझ्या हातून असं असं झालंय.’ नाही बोलले. म्हटलं, जाऊ दे बुडालं तर. आणि चित्र बुडालं नाही. सोन्याचं पदक घेऊन वर आलं.

वर्तमानपत्रात अर्धं पान. ‘परीक्षकांनी विशेष प्रशंसा केली ती वृद्धेच्या नेत्रांतील सजीव तेजाची. कोणाही चित्रकाराच्या कुंचल्याला हे तेज साधले नसते, असे त्यांनी नमूद केले.’ मी ते वाचून इतकी हसले की दूध उतू गेलं. हसता हसता रडायला लागले ते कळलंही नाही. उभ्या जन्मात माझ्या कामाची एवढी तारीफ कुणी केली नव्हती, आणि ती भावजींच्या नावावर छापलेली!

ते पान घेऊन मी स्टुडिओत गेले. तिथे हमाल माझं रंगाचं टेबल खाली उतरवत होता.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“वहिनी, रंग भरायचं काम आपण बंद करतोय,” भावजी म्हणाले. “पदक मिळालेल्या स्टुडिओत कुंचला शोभत नाही. हसतील लोक.”

“आणि मी काय करू?”

“घरी बसा. सुखानं दोन घास खा. काय कमी आहे तुम्हाला?”

“माझं नाव कमी आहे. खंडोबाची आण घेतली होती तुम्ही.”

त्यांनी हमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हमालासमोर बोलले हे मी कधी विसरणार नाही. “वहिनी, डिंक कुटलात तुम्ही. आचाऱ्याचं कौतुक होतं तेव्हा मसाला वाटणारणीचं नाव कुणी विचारतं का?”

गरज सरो, वैद्य मरो. तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण मी म्हटलं, अंबू, थांब. ह्या माणसानं तुला हमालासमोर हलकं केलं, तू ह्याला गावासमोर कर. आठ दिवसांनी त्यांचा सत्कार होता. मी ते आठ दिवस शब्द घासत बसले. भांडी ठोकणाऱ्यांच्या घरातली मी. कुठे ठोका घातला की कुठे पोचा पडतो ते मला माहीत होतं.

सत्कार एका शाळेच्या सभागृहात होता. दोनशे माणसं, पुढे वकील-डॉक्टर, अध्यक्ष म्हणून पेन्शनीतले मामलेदार. बायका एका कडेला, मी त्यांच्याही मागे. व्यासपीठावर चित्र, काचेत बसवलेलं, आणि शेजारी एक रिकामी काठी. ती पैठणी टांगायला. भावजींनी महेबूबला येवल्याहून बोलावलं होतं, चित्रातल्या रेशमाची विणलेली ती पैठणी घेऊन ये म्हणून. लोकांनी खरे रंग आणि चित्रातले रंग ताडून पाहावेत!

भावजी बोलायला उभे राहिले. तीन काचा, कागद आटवायची ती थोर पद्धत, सगळं सांगून झालं. मग छाती काढून म्हणाले, “मंडळी, हे पदक म्हणजे कुंचल्याला मूठमाती आहे. कुंचला खोटं बोलतो. कॅमेरा बोलत नाही. या माउलीच्या डोळ्यांतलं तेज बघा. हे कुणी रंगवून दाखवावं!” टाळ्या पडल्या. माझ्या कानशिलांतून वाफ निघायची बाकी होती. मी पदर खोचला.

तेवढ्यात महेबूब पैठणी टांगायला वर गेला. टांगली, वळला, आणि त्यानं पहिल्यांदाच ते चित्र पाहिलं. तो तिथेच उभा राहिला. जवळ गेला. पार काचेला नाक लागेपर्यंत.

“साहेब,” तो म्हणाला, “माफी असावी. पन हे डोळे आमच्या अम्मीचे नाय.”

भावजी हसले. “अरे, आईला ओळखत नाहीस?”

“आईला वळखतो, साहेब. अम्मीला बारा सालापासून दिसत नाय. आंधळी हाय ती. तिच्या डोळ्यांत असं काय नाय.”

मामलेदारांनी चष्मा पुसला. मी भावजींकडे बघत होते. त्यांच्या तोंडावरून रंग उतरत गेला. तेव्हा त्यांना कळलं, की आपण चार तास एका आंधळ्या बाईसमोर उभे होतो. आणि माझ्याकडे नजर गेली, तेव्हा दुसरंही कळलं. मला दिसलं कळताना. आता एक वाक्य पुरे होतं. ‘ते माझ्या वहिनीचं काम आहे.’ बोला ना, मेलं, एकदाच बोला!

ते महेबूबकडे वळले. “महेबूब, कॅमेऱ्याला जे दिसतं ते माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. त्या दिवशी ऊन सरळ तिच्या डोळ्यांवर होतं. क्षणभर तिला दिसलं असणार. प्लेट खोटं बोलत नाही.”

पुन्हा टाळ्या. आधीपेक्षा मोठ्या! चमत्कार झाला होता ना आता. महेबूबचा चेहरा मात्र बदलला. तो पुन्हा चित्राकडे वळला. “दिसलं असंल?” तो पुढे बसलेल्या डॉक्टरांना विचारू लागला. “डाक्टरसाहेब, मंग इलाज व्हईल का? मुंबईला न्यावं का अम्मीला? माग इकून नेतो.”

मी उठले. खोटं नाही बोलणार, मी त्याच्यासाठी उठले नव्हते. त्याचं वाईट वाटलं हे खरं. पण उठले ती माझ्या नावासाठी. “काही दिसलं नव्हतं तिला!” मी म्हटलं, आणि माझा आवाज सगळ्या सभागृहात गेला. “ते तेज माझ्या सुरीचं आहे. मी अंबूबाई तांबट. हे चित्र मी छापलं, कागद मी आटवला आणि ते डोळेही मीच केले. काच काढा, भिंग आणा आणि बघा. बुबुळावर खरवडल्याची खूण आहे.”

सोपं होतं की नाही? एक भिंग. डॉक्टरांच्या खिशात होतं सुद्धा, मला दिसत होतं. कुणी उठलं नाही.

भावजी अगदी मऊ आवाजात म्हणाले, “मंडळी, दादा गेल्यापासून वहिनींची मन:स्थिती जरा… तुम्ही समजून घ्याल.” झालं. दोनशे माना हलल्या. समजून घेतलं सगळ्यांनी! मामलेदार म्हणाले, “बाई, घरची भांडणं घरी. बसा खाली. पदकाचा मान ठेवा.” बायकांत कुणीतरी कुजबुजलं, दिराचं चांगलं बघवत नाही हो. पुढे बसलेला एक वकील मोठ्यानं हसला. मग हार आले, नारळ आला, आणि कुणीतरी माझ्या दंडाला धरून मला दाराकडे नेलं. त्या सोन्याच्या पदकाला आजतागायत कुणी धक्का लावलेला नाही. भावजींचं नाव पुढे कलकत्त्यापर्यंत गेलं.

मी बाहेर पायरीवर उभी होते. आतून टाळ्या येत होत्या. महेबूब बाहेर आला, काखेत पैठणीची घडी. माझ्यासमोर येऊन थांबला.

“बाई, तुम्ही खरं बोलल्या,” तो म्हणाला.

“हो.”

“मला ठाव हाय. आईचा डोळा लेकराला कळतो. एक घडी भुललो होतो, तेवढंच.”

एवढ्या सभेत मला खरं मानणारा हा एकच माणूस निघाला होता. मी म्हटलं, “देव भलं करो तुझं. तुझा तरी विश्वास बसला माझ्यावर.”

“बसला, म्हणून तर इचारतो.” त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं; चढलेल्या आवाजाला मला उत्तर देता येतं. “बारा सालं अम्मी तशी हाय. हातानं चाचपून रेशमाचा पोत सांगते, नातवंडं वळखते, अख्खं घर चालवते. आम्ही तिला कधी हलकं धरलं नाय. गल्लीत कुनी धरलं नाय. मंग तुम्हाला तिच्या डोळ्यांची लाज का वाटली?”

“लाज नाही रे, सवय…” मी बोलायला गेले आणि माझं मलाच ते ऐकवेना.

“साहेबांनी तिच्याकडं पाहिलंच नाय,” तो म्हणाला. “त्यांना काय म्हनू? पन तुम्ही पाहिलं होतं, बाई. पाहून खोडलं तुम्ही तिला.”

त्यानं पैठणी दुसऱ्या काखेत घेतली आणि टांग्यांच्या अड्ड्याकडे चालू लागला. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार? सहा वर्षं भावजींसाठी साठवलेल्या सगळ्या शिव्या माझ्या तोंडात होत्या, आणि त्यातली एकही त्या माणसाला उत्तर म्हणून चालली नसती.